चौघांनी उचललेली बाज



संत विन्सेंट डी पॉल यांचा सण २७ सप्टेंबरला येत आहे. त्यानिमित्ताने आज मी आपल्या धर्मग्रामातील सेवामंडळाविषयी चार शब्द लिहीत आहे. मंडळाच्या मागील सभेत एक सूचना मांडण्यात आली. सभासद कमी झाले आहेत, जे आहेत त्यांतील बरेच जण साठीच्या पुढचे आहेत आणि तरुणांना शिफ्टमुळे सभेला येता येत नाही. तेव्हा दर आठवड्याची सभा आणि घरभेटी बंद कराव्यात, प्रत्येक कुटुंबाकडून वर्गणी गोळा करावी आणि ती रक्कम एखाद्या चांगल्या संस्थेकडे पाठवावी, अशी ती सूचना होती. सूचना प्रामाणिक आहे, म्हणून तिचा प्रामाणिकपणे विचार करू या.

कफर्णहूममधील घर

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या एका माणसाची हकिकत आहे. प्रभू येशू कफर्णहूममध्ये एका घरात बोलत होते. गर्दी एवढी की दारातही पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हा चौघांनी त्या माणसाला बाजेसकट उचलून आणले, ते छपरावर चढले, छप्पर उकरले आणि बाज खाली सोडली. पुढे संत मार्क जे सांगतो त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. प्रभूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असे तो लिहितो. केवळ आजाऱ्याचा नव्हे, तर बाज आणणाऱ्यांचाही. त्यांचा विश्वास पाहून प्रभूने त्या माणसाला पापक्षमा दिली आणि मग त्याला उठून चालू लागण्यास सांगितले.

या चौघांची नावे शुभवर्तमानात नाहीत. परंतु एक गोष्ट उघड आहे. बाजेला चार कोपरे असतात आणि ती एकट्याने उचलता येत नाही. तिघे वेळेवर आले आणि चौथा आला नाही, तर आजारी माणूस घरीच राहतो. छपरावरून बाज खाली सोडताना चौघांनी एकमेकांकडे पाहत दोर सोडावा लागतो, नाहीतर बाज कलंडते. म्हणजे त्या माणसावर त्यांचे प्रेम होतेच, पण त्यांचा एकमेकांवरही भरवसा होता. सेवा आणि सोबत या दोन गोष्टी तिथे वेगळ्या काढता येत नाहीत.

१६१७ मधील एक रविवार

संत विन्सेंट १६१७ साली फ्रान्समधील शातियों या लहानशा गावी धर्मगुरू होते. ऑगस्ट महिन्यातील एका रविवारी ते मिस्सासाठी तयार होत असताना त्यांना निरोप मिळाला की, गावाबाहेरच्या एका घरात सर्वच माणसे आजारी आहेत आणि पाणी द्यायलाही कोणी उठू शकत नाही. त्यांनी प्रवचनात ही गोष्ट लोकांना सांगितली. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले, तर वाटेवर जत्रेसारखी गर्दी! अन्न घेऊन जाणाऱ्या आणि देऊन परत येणाऱ्या बायाबापड्यांची रीघ लागली होती.

कोणत्याही धर्मगुरूला अशा वेळी समाधान वाटले असते. विन्सेंट यांना मात्र काळजी वाटली. आज या घरात एवढे अन्न आले आहे की त्यातले बरेच नासून जाईल, आणि चार दिवसांनी हे लोक पुन्हा उपाशीच राहतील, हे त्यांनी ओळखले. लोकांची माया खरी होती, पण तिला व्यवस्था नव्हती. थोड्याच दिवसांत त्यांनी गावातील स्त्रियांचे एक मंडळ उभे केले आणि त्याला नियम घालून दिले. पाळी ठरवायची, आपल्या पाळीला स्वयंपाक करून आजाऱ्याकडे न्यायचा आणि त्याला प्रेमाने भरवायचे. त्या नियमांत एक बारीक सूचना आहे. ज्या आजाऱ्याजवळ घरचे माणूस आहे त्याच्याकडे आधी जावे, आणि जो एकटा आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटी, म्हणजे त्याच्याजवळ अधिक वेळ बसता येते. आजाऱ्याला जेवणाइतकीच कोणीतरी जवळ बसण्याची गरज असते, हे त्या नियमात गृहीत धरलेले आहे.

विद्यार्थ्यांना विचारलेला प्रश्न

पुढे दोन शतकांनी पॅरिसमध्ये काही कॅथलिक विद्यार्थी इतिहास आणि तत्त्वज्ञान यांवर वादविवाद करण्यासाठी जमत असत. ख्रिस्तसभेने जगासाठी काय काय केले हे ते हिरिरीने मांडत. एकदा विरुद्ध बाजूच्या एकाने त्यांना विचारले की, पूर्वी तुमच्या धर्माने पुष्कळ केले हे खरे, पण आज तुम्ही काय करता? हा प्रश्न फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याच्या जिव्हारी लागला. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे त्याच्या विसाव्या वाढदिवशी, एमान्युएल बाय्यी या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या मार्गदर्शनाखाली मूठभर विद्यार्थी एकत्र आले आणि त्यांनी गरिबांच्या घरी जाण्यास सुरुवात केली. गरिबांशी कसे वागावे, कसे बोलावे, हे त्यांना सिस्टर रोझाली रांदू यांनी शिकवले. हीच आजची संत विन्सेंट डी पॉल सोसायटी. ती आता सुमारे दीडशे देशांत काम करते. ओझानाम पुढे सोर्बोन विद्यापीठात प्राध्यापक झाले, संसारी गृहस्थ होते, एका मुलीचे वडील होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिस येथे त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले.

या सोसायटीच्या तीन प्रथा मला फार मोलाच्या वाटतात. पहिली, घरभेटीला एकट्याने न जाता दोघांनी जायचे. प्रभूनेही आपल्या बहात्तर शिष्यांना दोघे दोघे करून पाठवले होते. दुसरी, सभेची सुरुवात प्रार्थनेने होते आणि मग प्रत्येक कुटुंबाविषयी बोलणे होते. तिसरी, सभेत एक पिशवी फिरवली जाते. प्रत्येकाने बंद मूठ आत घालायची आणि उघडी मूठ बाहेर काढायची. कोणी किती टाकले, किंवा टाकले की नाही, हे कोणालाच कळत नाही. ज्याच्या घरी या महिन्यात पगार झालेला नाही तोही ताठ मानेने त्या सभेत बसू शकतो. वर्गणीच्या यादीत मात्र नावापुढे आकडा येतो, आणि ज्याच्यापुढे आकडा नाही तो हळूहळू येईनासा होतो.

सेवेच्या इतर वाटा

आपल्यापैकी काही जण रोटरी किंवा लायन्स क्लबमध्येही काम करतात आणि 'फादर, हे चालते का?' असे विचारतात. एके काळी ख्रिस्तसभेला अशा क्लबांविषयी शंका होती. डिसेंबर १९५० मध्ये रोमने धर्मगुरूंना रोटरीचे सभासद होण्यास मनाई केली आणि प्रापंचिकांना सावध राहण्यास सांगितले. पुढे काळ बदलला. १९७९ साली रोटरीचे जागतिक अधिवेशन रोममध्ये भरले, तेव्हा पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्वतः त्या सभासदांसमोर भाषण केले. १९८५ पासून रोटरीने पोलिओविरुद्ध जगभर जी मोहीम चालवली तिचे फळ आपणही पाहिले आहे. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. चांगल्या कामात सर्वधर्मीयांच्या खांद्याला खांदा लावण्यात काहीच गैर नाही.

रोटरीची सुरुवातही ध्यानात घेण्यासारखी आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोमध्ये चौघे जमले. एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपी. पॉल हॅरिस या वकिलाला त्या मोठ्या शहरात एकटे वाटत होते. आधी मैत्री जमली आणि सेवा दोन वर्षांनी आली. ओझानाम यांच्याकडे सोबत आधीच होती, तिला कामाची वाट मिळाली. सुरुवात कुठूनही झाली तरी एकीवाचून दुसरी फार काळ टिकत नाही, असे दिसते.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. तो म्हणतो की काही मैत्री उपयोगासाठी असते, काही मौजेसाठी, आणि काही दुसऱ्याच्या भल्यासाठी. पहिल्या दोन प्रकारच्या मैत्री उपयोग किंवा मौज संपली की संपतात. संत थॉमस अक्वायनस यांनी याच विचाराला ख्रिस्ती अर्थ दिला. दिव्यप्रीती म्हणजे देवाशी असलेली मैत्री, आणि मित्रावर प्रेम करणारा मित्राच्या लेकरांवरही प्रेम करतो, असे त्यांचे सांगणे आहे. मग गरीब माणूस आपल्या दयेचा विषय राहत नाही. तो आपल्या मित्राचे लेकरू असतो, आणि मित्राच्या घरी आपण मनीऑर्डर पाठवून थांबत नाही. आपण जातो.

आपल्या दारात

आता आपल्या परिसराकडे पाहू. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, आणि रोजगारासाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली. आपल्या मिस्सामध्येही वसईचे, मंगळूरचे, केरळचे, झारखंडचे कुटुंब एकाच बाकावर बसते. शांतिदान करताना आपण एकमेकांना हात जोडतो. पण शेजारच्याचे नाव आपल्याला ठाऊक असते का? पूर्वेकडे जव्हार-मोखाड्यात १९९२ साली वावर-वांगणीची मुले कुपोषणाने दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. आजही त्या भागातील कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा सुटते. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला गोळीबारात पडलेल्या पाच हुतात्म्यांना आपण दरवर्षी वंदन करतो. या जिल्ह्यात माणसे एकमेकांसाठी एकत्र चालली आहेत, याची ती आठवण आहे.

गेल्या पावसाळ्यात आपले दोन सभासद एका कंत्राटी कामगाराच्या खोलीवर गेले होते. यंत्रात त्याच्या हाताला इजा झाली होती. त्यांनी तांदूळ आणि तेल नेले होते. अर्धा तास बसल्यावर कळले की, घरात तांदूळ आहे. कोंडी कागदांची झाली होती. विम्याचा अर्ज कसा भरायचा हे त्याला ठाऊक नव्हते, आणि मराठीत विचारायला तो लाजत होता. दोघांपैकी एक जण निवृत्त कारकून. त्यांनी तीन फेऱ्या मारून ते काम पूर्ण करून दिले. आता त्या कामगाराची पत्नी दर रविवारी वेदीवरची फुले लावते. पाठवलेल्या रकमेतून हे घडले असते का? तांदूळ पोहोचला असता, पण तो माणूस आपल्याला भेटला नसता, आणि आपण त्याला.

मंडळात सूचना मांडणाऱ्यांचे म्हणणे मी नाकारीत नाही. संस्थांना पैसे लागतात, आणि मोठे आजारपण किंवा मुलांचे शिक्षण हे दहा जणांच्या मंडळाला पेलण्यासारखे नसते. तिथे आपण जरूर मदत पाठवावी. बारा तासांची ड्यूटी करून आणि डहाणू लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून आलेल्या तरुणाला दर आठवड्याला सभेला बोलावणे हेही योग्य नाही. पण अडचण वेळेची असेल, तर वेळ बदलावी. मंडळ बंद करणे हा त्यावर उपाय नव्हे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. सभा महिन्यातून दोनदा, रविवारच्या पहिल्या मिस्सानंतर घ्यावी आणि ती पाऊण तासात संपवावी. प्रत्येक वडीलधाऱ्या सभासदाबरोबर एका तरुणाची जोडी लावावी. वडीलधाऱ्यांना घरे ठाऊक आहेत, तरुणांना ऑनलाइन अर्ज भरता येतात. नाईट शिफ्टवाल्यांनी दुपारी भेट द्यावी, सेकंड शिफ्टवाल्यांनी सकाळी. महिन्यातून एकच घर घेतले तरी चालेल. भेटीचा फोटो काढू नये. पिशवी फिरवावी, यादी लावू नये. आणि भगिनींनो, शातियोंचे ते पहिले मंडळ स्त्रियांचे होते हे विसरू नका. आपल्या मंडळात सध्या तुमची संख्या फार कमी आहे.

मला एक भीती वाटते, ती स्पष्ट लिहितो. मंडळ बंद झाले तर गरिबांना मदत मिळायची थांबेल असे नाही, कोणी ना कोणी ती देईलच. पण आपल्या धर्मग्रामात बाज उचलायला शिकलेली माणसे उरणार नाहीत. आणि आज ना उद्या बाजेवर पडून राहण्याची पाळी आपल्यापैकी प्रत्येकावर येणार आहे. मुले परदेशी असतील, शेजारी नवे असतील. त्या वेळी दाराची कडी वाजवणारे दोघे आपल्याला हवे असतील, तर आज आपणच ते दोघे व्हायला हवे.

सणाच्या मिस्सामध्ये अर्पणाच्या वेळी वेदीजवळ एक कोरी वही ठेवलेली असेल. ज्यांना मंडळात यायचे आहे त्यांनी आपले नाव आणि कोणती वेळ मोकळी आहे एवढेच लिहावे. ज्यांच्या घरी भेट हवी आहे त्यांनीही निःसंकोचपणे मला किंवा मंडळाच्या कोणाही सभासदाला सांगावे.

प्रार्थना करू या: हे प्रभो येशू, तू चौघांचा विश्वास पाहून पाचव्याला उभे केलेस. आमच्या हातांना एकमेकांच्या हातांची सवय लाव. जो एकटा आहे त्याच्याकडे जायला आम्हांला वेळ दे, आणि त्याच्याजवळ बसायला धीर दे. संत विन्सेंट आणि धन्यवादित फ्रेडरिक, आम्हांसाठी विनंती करा. आमेन.

आपला ख्रिस्तात,
आपला धर्मगुरू