मागून घेतलेली वेल

मनीप्लांटची वेल विकत आणू नये, मागूनही घेऊ नये. ती कुणाच्या तरी अंगणातून गुपचूप तोडून आणावी, तरच घरात पैसा खेळतो, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. एरवी दुसऱ्याच्या झाडाची कैरीही न तोडणारी माणसे या एका चोरीला हसून मान्यता देतात. समज खुळा आहे, हे सांगायला फार विद्वत्ता नको. परंतु त्या हसण्यामागे एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्या घेण्याने धन्याचे काहीच कमी होत नाही, त्या घेण्याला चोरी का म्हणावे?

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. या वेलीच्या प्रत्येक पेराशी एक पान, त्याच्या बगलेत सुप्त डोळा आणि जवळच हवाई मुळाचा तपकिरी कोंब असतो. पेराच्या किंचित खाली स्वच्छ कात्रीने छेद द्यावा, दोन-तीन पेरांचा तुकडा घ्यावा, पाण्यात बुडणारे पान काढून टाकावे आणि तो उजेडाच्या, पण थेट ऊन न लागणाऱ्या जागी पाण्यात ठेवावा. पाणी आठवड्याला बदलत राहिले, की काही आठवड्यांत मुळे धरतात. नुसते पान देठासकट लावले तर त्याची वेल होत नाही; जीव पेरात असतो. इकडे मूळ वेलीचेही नुकसान होत नाही. शेंडा छाटला की मागचे सुप्त डोळे जागे होतात आणि बुंध्याशी उघडी पडलेली वेल पुन्हा भरू लागते. म्हणजे चोराने धन्यावर उपकारच केला, असा युक्तिवाद करता येतो!

तो आणखी पुढेही नेता येईल. ही वेल मूळची प्रशांत महासागरातील मूरिया बेटाची. 1880 साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. आपल्या घरांत ती फुलत नाही, म्हणून बीही धरत नाही. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक बनविणाऱ्या जनुकाच्या कार्यात दोष असल्याचे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तेव्हा खिडकीतली प्रत्येक वेल कुणीतरी छाटलेल्या तुकड्यातूनच आलेली आहे. जी आपण निर्माण केली नाही, जी आपल्यालाही दुसऱ्याच्या हातून मिळाली, तिच्यावर मालकी सांगायची ती कशाच्या बळावर?

तरीही चोरी ती चोरीच, असे मला वाटते. चोर केवळ वीतभर फांदी नेत नाही. तो धन्याची देण्याची संधी नेतो. फांदी पुन्हा फुटते, हुकलेली संधी फुटत नाही. मागणाऱ्याला आधी दार ठोठवावे लागते, दुसऱ्याच्या होकार-नकाराला मान द्यावा लागतो आणि मिळाल्यावर ऋणी राहावे लागते. चोराला लाभ हवा असतो, ऋण नको असते. चोरलेलीच वेल फळते, या समजाच्या मुळाशी हीच इच्छा आहे : कुणाचेही देणे न लागता श्रीमंत व्हावे.

शिवाय, फांदीबरोबर शहाणपणही हाती येत असते. देणारी माउली बजावते, ‘‘वरची माती बोटभर सुकल्याशिवाय पाणी घालू नकोस, मुळे कुजतील. काथ्या गुंडाळलेल्या काठीवर चढव. चढत्या वेलीची पाने मोठी होतात, लोंबतीची लहानच राहतात. आणि लेकराच्या किंवा मांजराच्या तोंडी पान जाऊ देऊ नकोस.’’ या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी तोंडाची आग होते. चोरून आणलेली वेल मात्र मुकी येते.

धन्याला नाही म्हणण्याचा अधिकार हवाच. अन्यथा त्याच्या होकाराला किंमत उरणार नाही. पण जे दिल्याने घटत नाही ते आपण कोणत्या भयाने राखून ठेवतो, हे त्यानेही स्वतःला विचारावे. त्याचप्रमाणे देणे म्हणजे टाकणे नव्हे. छाटलेल्या फांद्या रानात भिरकावल्या तर त्या तेथेही मूळ धरतात; श्रीलंका आणि हवाई बेटांत हीच वेल उपद्रवी ठरली आहे. देणाऱ्याला घेणारा हात दिसला पाहिजे.

दान आणि चोरी या दोहोंत हलते ती वस्तू एकच, तीच वीतभर फांदी. फरक पडतो तो दोन घरांमध्ये. एका व्यवहाराने त्यांच्यातली ओळख वाढते, दुसऱ्याने कुंपणाची उंची. म्हणून वेल हवी असेल, तर शेजारच्या दाराची कडी वाजवावी, हेच बरे.