‘ठाकूर’ शब्दाचे धनी

कोशकार शब्द लिहितो आणि त्याच्यापुढें एक, दोन, तीन असे आंकडे घालून अर्थ मांडतो. हें पाहून पाहून आपली अशी समजूत झालेली असते कीं, शेंगेंत दाणे असावेत तसे अर्थ शब्दाच्या पोटांत असतात. शेंग सोलली कीं दाणे हातीं येतात. बहुतेक शब्दांच्या बाबतींत ही समजूत फारशी नडत नाहीं. पाणी म्हणजे पाणी आणि दगड म्हणजे दगड. परंतु कांहीं शब्द असे आहेत कीं, त्यांचा अर्थ शब्दाच्या पोटांत नसून तो शब्द ज्याला लागतो त्याच्या पायांखालच्या जमिनींत असतो. जमीन पालटली कीं अर्थ पालटतो. आणि जमीन मुळींच नसली तर अर्थाचें काय होतें, हा प्रश्न उरतो. ‘ठाकूर’ हा तसा एक शब्द आहे.

रायगड जिल्ह्याच्या आंतल्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशीं असलेल्या कर्जत व खालापूर या तालुक्यांत हा शब्द रोजच्या बोलण्यांतला आहे. तेथें ठाकूर म्हणजे डोंगरउतारावरच्या वाडींत राहणारा आदिवासी. नाचणी-वरीचें पीक काढणारा, पावसाळ्यांत रानभाज्या आणि उन्हाळ्यांत करवंदें-जांभळें घेऊन बाजाराला उतरणारा. त्याचा स्वतःचा उच्चार बहुधा ‘ठाकर’ असा असतो. गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ ही कादंबरी ज्यांनीं वाचली आहे, किंवा तिच्यावरून १९७७ सालीं निघालेला चित्रपट ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस हा समाज अगदींच अपरिचित नसेल. परंतु कर्जत स्थानकावर उतरलेल्या एखाद्या परप्रांतीयाला जर कोणीं सांगितलें कीं, ती पाटी घेऊन बसलेली बाई ठाकूर आहे, तर तो चमकल्यावांचून राहणार नाहीं. त्याच्या मुलुखांतले ठाकूर निराळे असतात.

शब्दाचें कूळ फार प्राचीन नाहीं. उत्तरकालीन संस्कृतांत ‘ठक्कुर’ या रूपानें तो अवतरतो, आणि बाराव्या शतकांतील कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’ंत मांडलिक सरदार या अर्थीं भेटतो. तो मुळांत संस्कृत नव्हेच असें म्हणणारे आहेत. तुर्कांच्या ‘तेगिन’ या पदवीशीं त्याचें नातें जोडणारेहि आहेत. चौदाव्या शतकाच्या आरंभीं दिल्लीस खिलजी सुलतानांच्या टांकसाळींत नाण्यांची पारख करणारा फेरू नांवाचा जैन विद्वान ‘ठक्कुर फेरू’ म्हणूनच ओळखला जातो. म्हणजे तोंवर या शब्दानें तलवारीबरोबर तराजूहि हातीं घेतला होता.

पुढें तो देशभर पसरला. राजस्थानांत आणि उत्तर हिंदुस्थानांत ठाकूर म्हणजे रजपूत जमीनदार. हिंदी बोलपटांनीं तर त्याला हवेली, घोडा आणि मिशा यांच्यासह आपल्या घरांत आणून बसविला आहे. नेपाळांत ठकुरी ही राजकुळांची जात. काठेवाडांत संस्थानिकाला ठाकोरसाहेब म्हणत, आणि वैष्णवांच्या देव्हाऱ्यांतला बाळकृष्ण तो ठाकोरजी. परंतु त्याच गुजराथेंत उत्तरेकडचा ठाकोर समाज मागासवर्गांत गणला जातो. लोहाण्यांचें ‘ठक्कर’ हें आडनांवहि याच मुळाचें, आणि आदिवासींच्या सेवेंत आयुष्य घालविणाऱ्या अमृतलाल ठक्कर यांस लोकांनीं ‘बाप्पा’ म्हटलें तें या आडनांवामागें.

बंगाल्यांत मात्र या शब्दाचा संसार पाहण्यासारखा आहे. तेथें देव ठाकूर. देवाची पूजा करणारा ब्राह्मणहि ठाकूर. आणि ब्राह्मणाच्याच हातचें खाण्याची चाल असल्यामुळें घरांतला आचारीहि ठाकूर. आजोबा ठाकुरदा, आजी ठाकुरमा, धाकटा दीर ठाकुरपो, नणंद ठाकुरझि. सासरीं आलेल्या मुलीला सकाळच्या पूजेपासून रात्रीच्या पंगतीपर्यंत ठाकुरांवांचून सुटका नाहीं! रवींद्रनाथांच्या घराण्याचें मूळ आडनांव कुशारी. त्यांचा एक पूर्वज गोविंदपुरास येऊन राहिला, तेव्हां तेथील कोळी वगैरे लोक त्याला ब्राह्मण म्हणून ‘ठाकूर’ म्हणूं लागले. तेंच नांव घराण्याला चिकटलें, आणि साहेबाच्या तोंडीं त्याचें टागोर झालें. म्हणजे ही पदवी कोणा राजानें दिलेली नव्हती. किनाऱ्यावरच्या गरीब माणसांनीं ती आपल्या जिभेनें दिली.

बिहारांत मैथिल ब्राह्मण ठाकूर असतात आणि नाईहि ठाकूर असतात. भोजपुरी लोकनाट्याचा आचार्य भिखारी ठाकूर आणि दोनदां बिहारचे मुख्यमंत्री झालेले, २०२४ सालीं मरणोत्तर भारतरत्न लाभलेले कर्पूरी ठाकूर हे दोघेहि नाई समाजांतले. येथें सहज मनांत येतें कीं, आपले भाई कोतवाल, जे माथेरानास १९१२ सालीं नाभिक कुटुंबांत जन्मले आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत पोलिसांच्या गोळीला बळी पडले, ते बिहारांत जन्मते तर त्यांचें नांव कदाचित् विठ्ठल ठाकूर असतें. ज्या शेतकऱ्यांसाठीं आणि आदिवासींसाठीं ते सावकारांशीं झगडले, त्यांतहि ठाकूर होते. पण ते या दुसऱ्या अर्थाचे.

ही सारी विविधता एका जोडशब्दांत पाहावयास मिळते. बिहारांत ठाकुरबाडी म्हणजे रामाचें किंवा कृष्णाचें देऊळ. कोलकत्यास जोरासांकोची ठाकुरबाडी म्हणजे रवींद्रनाथांचा जन्म झाला तो वाडा. आणि बोरघाट चढतांना आगगाडीच्या खिडकींतून पाटी दिसते तें स्थानक ठाकूरवाडी. ‘बाडी’ आणि ‘वाडी’ हीं एकाच मुळाचीं लेंकरें, ‘ठाकूर’ तर तोच. एका ठिकाणीं देव राहतो, दुसऱ्या ठिकाणीं कवि जन्मतो, आणि तिसऱ्या ठिकाणीं कुडाच्या भिंतींचीं घरें.

मग या शब्दाचा खरा अर्थ कोणता? शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे असें मीमांसक म्हणतात. तो संकेतानें ठरतो असें नैयायिक म्हणतात. आपल्या प्रस्तुत शब्दापुरतें तरी मला नैयायिकांचें म्हणणें पटतें. पण संकेत म्हटला कीं तो ठरविणारा कोणीतरी आला, आणि येथूनच भाषेचा प्रश्न नीतीचा होतो. व्युत्पत्तीपेक्षां रूढि बलवान, हा जुना नियम आपण घोकतों; पण रूढि ही कांहीं आकाशांतून पडत नाहीं. ‘धनी’ या अर्थाच्या शब्दाचा अर्थ म्हणजे तरी काय? तो उच्चारला कीं समोरचा उठून उभा राहतो, वाट सोडतो, आवाज खालीं आणतो. एवढें घडलें म्हणजे शब्दाला अर्थ आला. न घडलें तर उरतो तो नुसता आवाज. रजपूत ठाकुराकरितां लोक उठतात, कारण त्याच्या मागें जमीन आहे. पुरोहित ठाकुराकरितां उठतात, कारण त्याच्या मागें देव आहे. कर्जतच्या ठाकुराच्या मागें डोंगर आहे, पण तो त्याच्या नांवावर नाहीं. म्हणून आपल्याकडे हा शब्द कानीं पडतो तेव्हां त्यांतला धनी कोणाच्या ध्यानींमनींहि नसतो. वयानें आजोबा शोभेल अशा ठाकुराला शहरांतला पोरसवदा मुलगा ‘अरे, करवंदें कशीं दिलीं?’ म्हणून विचारतो, आणि त्या ‘अरे’त कोणालाच कांहीं वावगें वाटत नाहीं. अलीकडे कर्जत-खालापुरांत हौशीच्या बंगल्यांचें पीक आलें आहे. फाटकावरच्या पाटीवर मालकाचें नांव ‘ठाकूर’ आणि फाटकाशीं राखणीला बसलेला म्हाताराहि ठाकूर, असा योग येणें तेथें मुळींच अशक्य नाहीं.

या शब्दाचा गुंता सोडविण्याचें काम शेवटीं कायद्याच्या गळ्यांत पडलें, आणि त्यानें तें कसें केलें हें पाहण्यासारखें आहे. अनुसूचित जमातींच्या १९५६ च्या सूचींत ठाकूर किंवा ठाकर, क ठाकूर आणि म ठाकूर यांची नोंद होती. पण ती साऱ्या राज्यासाठीं नव्हती. पांच जिल्ह्यांतले ठराविक तालुके नेमून दिले होते. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतले, म्हणजे आजच्या रायगडांतले, कर्जत आणि खालापूर हे तालुके त्यांत होते. शिवेच्या आंत तो शब्द एका अर्थाचा, शिवेच्या बाहेर पाऊल पडतांच दुसऱ्या अर्थाचा! हंसूं येण्यासारखी ही गोष्ट आहे खरी. परंतु करणाऱ्यांपुढें अडचण होती. ठाकूर हें आडनांव अनेक जातींत आहे, आणि ‘ठाकर’ म्हणविणारेहि एकच नाहींत. कुडाळजवळच्या पिंगुळीस चित्रकथा आणि कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारे ते ठाकरच. नुसत्या नांवावर हक्क दिला, तर ज्यांच्यासाठीं तो दिला त्यांच्या हातीं तो पोंचणार नाहीं, ही भीति अनाठायीं नव्हती. उलट, पोटासाठीं खालापुराहून शिवेबाहेर गेलेला ठाकूर वाटेंत आपली जात गमावतो, हें म्हणणेंहि कोणास पटण्यासारखें नव्हतें. १९७६ च्या कायद्यानें ही तालुक्यांची शीव पुसली.

शीव पुसली तेव्हां पुरावा आला. दावा करणाऱ्यानें आपला दाखला पडताळणी समितीपुढें सिद्ध करावयाचा. जुने कागद पुरेसे नसतील, तर तुमचीं दैवतें कोणतीं, लग्नांत काय करतां, मेलेल्याचे विधि कसे, बोली कशी, असे प्रश्न. ज्याचा आजा शाळेंतच गेला नाहीं त्याच्याकडे आजाच्या शाळेचा दाखला मागावयाचा. आणि ज्याचा नातू शिकून शहरांत गेला त्याला आजाचीं गाणीं विचारावयाचीं! २४ मार्च २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, ठाकूर जमातीच्याच एका संस्थेनें नेलेल्या प्रकरणांत, हे चालीरीतींचे प्रश्न म्हणजे अखेरची कसोटी नव्हे, असा निर्णय दिला. मला तो योग्य वाटतो. तरीहि मूळ गोष्ट राहतेच. रजपुताला ‘तूं ठाकूर कशावरून?’ असें कोणी विचारीत नाहीं. विचारलें जातें तें त्याला, ज्याच्या पदरीं त्या शब्दानें आजवर कांहींच घातलें नाहीं.

यांत आणखी एक गंमत आहे. गंमत म्हणावी कीं काय, कोण जाणे. डोंगरांतल्या ठाकुराचें आडनांव बहुधा ठाकूर नसतेंच. तें असतें मेंगाळ, शिद, वाघ, उघडे, पारधी. त्यांपैकीं पारधी हें तर दुसऱ्या एका जमातीचें नांव. ठाकूर आडनांवाचा माणूस जातीनें दुसरा कोणी निघतो, आणि जातीनें ठाकूर असलेला पारधी म्हणून हांक मारली कीं ‘ओ’ देतो. त्यांच्यांतले क आणि म हे दोन भाग एकमेकांत परंपरेनें लग्नें करीत नाहींत. म्हणजे एका अक्षरावरहि शीव उभी राहते. कचेरींतल्या कारकुनानें यांतून वाट काढावी कशी, हें मलाहि सांगतां यावयाचें नाहीं. परंतु तो खुर्चीवरून उठून वाडीवर गेला, तर कोण ठाकूर आणि कोण नव्हे हें त्याला अर्ध्या दिवसांत कळेल. वाडींत हा प्रश्न कोणाला पडत नाहीं.

खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या कुशींत इर्शाळवाडी नांवाची ठाकुरांची वाडी होती. वर जाण्यास गाडीरस्ता नव्हता, पायवाट होती. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं डोंगराचा कडा तिच्यावर कोसळला. यंत्रें वर चढविण्याची सोय नसल्यानें माणसांनीं कुदळी-फावड्यांनीं चिखल उपसला. चार दिवसांनीं शोध थांबविण्यांत आला, तेव्हां २७ मृतदेह हातीं आले होते आणि ५७ माणसांचा ठावठिकाणा लागला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत ‘ठाकूर’ हा शब्द पहिल्या पानावर होता; मुंबई-पुण्याच्या पुष्कळ घरांत तो या अर्थानें तेव्हांच प्रथम वाचला गेला असेल. दरडीचा धोका असलेल्या गांवांची यादी सरकारजवळ आधींपासून होती. तींत या वाडीचें नांव नव्हतें, असें सरकारकडूनच तेव्हां सांगण्यांत आलें.