साक्ष आणि श्रोता : स्टीव्ह राइशच्या संगीतातील ध्वनिमुद्रित आवाज

दुःखाचा अनुभव कलेत आस्वाद्य कसा होतो, या प्रश्नाला भारतीय साहित्यशास्त्राने दिलेले सर्वांत समर्थ उत्तर साधारणीकरणाचे आहे. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने आपल्या पद्धतीने पुढे नेलेल्या या विचारानुसार रंगभूमीवरचा शोक हा 'माझा' वा 'परक्याचा' राहत नाही. देश, काल आणि व्यक्ती यांची बंधने गळून पडल्यावरच त्याचा रस होतो. करुणाचा आस्वाद घेणारा सहृदय कोणाच्या दुःखावर आपले सुख उभारत नाही, कारण ते दुःख आता कोणा एकाचे उरलेलेच नसते. या उपपत्तीने नटाच्या शोकाची सोय लागते. परंतु कलाकृतीची सामग्रीच जर एखाद्या जिवंत माणसाचा प्रत्यक्ष आवाज असेल, त्या आवाजात त्याने स्वतःवर झालेला अत्याचार सांगितलेला असेल आणि तो अमुक एका माणसाचाच आवाज आहे यातच त्याचे मोल असेल, तर काय होते? साक्षीदाराच्या शब्दाचे साधारणीकरण झाले तर ती साक्ष उरत नाही; न झाले तर, या उपपत्तीप्रमाणे, कला सिद्ध होत नाही. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश याच्या कारकिर्दीचा एक मोठा भाग या पेचाभोवती, १९६५ पासून २०११ पर्यंत, पुन्हा पुन्हा फिरत राहिला आहे.

राइशचा जन्म १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. संगीताकडे पूर्णपणे वळण्याआधी त्याने कॉर्नेल विद्यापीठातून १९५७ साली तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली. विट्गेनश्टाइन हा त्याच्या प्रबंधाचा विषय होता. पुढे न्यूयॉर्कच्या जूलियार्ड संस्थेत आणि नंतर कॅलिफोर्नियातील मिल्स कॉलेजात लुचानो बेरिओच्या हाताखाली त्याने रचनेचे शिक्षण घेतले. विद्यार्थिदशेत त्याने विल्यम कार्लोस विल्यम्सच्या कवितांना चाली लावण्याचा प्रयत्न केला आणि तो सोडून दिला. अमेरिकन बोलीची लवचीक लय स्वरलिपीत बसवताना गोठून जाते, असे त्याला दिसले. मग बोलणे गाण्यात घालण्याऐवजी बोलण्यातच गाणे शोधावे, या विचाराने तो ध्वनिफितीकडे आला. त्याची पहिली महत्त्वाची कृती 'इट्स गॉना रेन' (१९६५) ही सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये नोहाच्या महापुराविषयी प्रवचन करणाऱ्या एका कृष्णवर्णीय रस्त्यावरच्या धर्मोपदेशकाच्या मुद्रित आवाजातून घडली. एकाच वाक्खंडाच्या दोन ध्वनिफिती दोन यंत्रांवर एकाच वेळी लावल्या असता त्यांतील एक हळूहळू पुढे सरकते आणि एका आवाजाचे दोन, मग अनेक आवाज होतात, हा शोध त्याला अपघाताने लागला. क्यूबातील क्षेपणास्त्रांचा प्रसंग तेव्हा ताजा होता, त्यामुळे प्रलयाचे हे प्रवचन केवळ चमत्कृती राहत नाही. तरीही येथे नैतिक पेच फारसा तीव्र नाही. प्रवचनकार चौकात उभा राहून जगाला ओरडून सांगत होता. त्याचा आवाज जगासाठीच होता.

'कम आउट' (१९६६) या कृतीची गोष्ट वेगळी आहे. १९६४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात काही कृष्णवर्णीय तरुणांना पोलिसांनी पकडून ठाण्यात बेदम मारले. अठरा वर्षांचा डॅनियल हॅम त्यांच्यात होता. ज्यांच्या अंगातून रक्त वाहताना दिसत होते, अशांनाच रुग्णालयात नेण्यात येत होते. हॅमला बसलेला मार हा मराठीत ज्याला मुका मार म्हणतात तसा होता. तेव्हा त्याने काळीनिळी पडलेली जागा स्वतःच उघडी केली आणि त्यांना दाखवण्यासाठी रक्त बाहेर येऊ दिले. त्याच महिन्यात एका दुकानदार स्त्रीचा खून झाला. त्या आरोपावरून हॅमसह सहा तरुणांना अटक होऊन १९६५ साली जन्मठेपेची शिक्षा झाली. 'हार्लेम सिक्स' या नावाने हा खटला ओळखला जातो. फेरसुनावणीसाठी निधी जमवण्याचा एक कार्यक्रम एप्रिल १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये झाला. त्यासाठी नागरी हक्कांचा कार्यकर्ता व लेखक ट्रूमन नेल्सन याने मुलाखतींच्या ध्वनिफिती राइशकडे दिल्या. त्या संपादित करून देण्याचे राइशने मान्य केले. अट एवढीच की त्यांतील एखादा आवाज भावला तर त्यावर स्वतःची रचना करण्याची मोकळीक असावी. त्याने निवडले ते हॅमचे एक वाक्य.

कृतीच्या आरंभी हे वाक्य तीनदा संपूर्ण ऐकू येते. नंतर त्याच्या शेवटचे पाच शब्द तेवढे उरतात आणि फिरत राहतात. दोन वाहिन्यांवर एकत्र सुरू झालेला आवाज विलग होऊ लागतो, आधी घुमल्यासारखा, मग पाठलाग केल्यासारखा. दोनाचे चार, चारांचे आठ होतात. सुमारे तेरा मिनिटांनी शब्द संपलेले असतात. सुसकारे आणि स्वरांचे ठोके यांची एक दाट, यांत्रिक वीण मागे राहते. मनुष्याचा आवाज होता हे माहीत असते म्हणूनच तो ओळखू येतो.

या कृतीविषयी दोन भूमिका सामान्यतः घेतल्या जातात. पहिली रूपवादी: ही एका संथ प्रक्रियेची शुद्ध रचना आहे, हॅमच्या वाक्याऐवजी दुसरे कोणतेही वाक्य चालले असते. दुसरी तिच्या उलट: एका गोऱ्या संगीतकाराने एका कृष्णवर्णीय तरुणाच्या यातनेचा कच्चा माल केला आणि त्याचा शब्द पुसून टाकला. सुमंत गोपीनाथ यांच्यासारख्या अभ्यासकांनी या कृतीतील राजकारणाचा प्रश्न बारकाईने तपासला आहे. पण एरवीच्या चर्चेत या दोन भूमिकांच्या पलीकडे सहसा कोणी जात नाही. वस्तुतः दोन्ही भूमिका एका गोष्टीवर एकमत आहेत: रचना पुढे सरकते तसतसा आशय नाहीसा होतो. हे गृहीतच तपासण्यासारखे आहे.

राइशने वाक्याला कात्री कोठे लावली, ते पाहावे. जखम गेली, रक्त गेले, बोलणारा 'मी' गेला. राहिले ते बाहेर येणे आणि 'त्यांना' दाखवणे. म्हणजे वेदनेचा निर्देश करणारे सारे शब्द वगळले गेले आणि वेदनेचा पुरावा देण्याची सक्ती तेवढी उरली. विट्गेनश्टाइनच्या उत्तरकालीन लेखनातील एक मध्यवर्ती विचार असा की दुसऱ्याची वेदना हे पुराव्यावरून काढायचे अनुमान नव्हे. कण्हणाऱ्या माणसाकडे वळणे हे ज्ञानाच्या आधीचे, माणूस म्हणून वागण्याचे अंग आहे. हार्लेमच्या ठाण्यात नेमके हेच मोडले होते. तेथे सांगणे व्यर्थ होते, दाखवणे भाग होते. मुक्या माराला तोंड फोडावे लागले. हॅमच्या वाक्याचा गाभा जखम नाही, ही अवस्था आहे. आणि फेऱ्यात सापडलेले शब्द हाच गाभा धरून फिरत राहतात.

आणि त्या शब्दांत एक सर्वनाम शिल्लक आहे. मूळ वाक्यात 'त्यांना' म्हणजे पोलिसांना. परंतु वाक्याचा पूर्वार्ध गळल्यावर, तेरा मिनिटे तेच ते ऐकत बसलेल्या माणसाला त्या सर्वनामाचा दुसरा धनी सापडत नाही. ज्यांच्यापुढे रक्त काढून दाखवावे लागते ते 'ते' आता सभागृहात बसलेले आहेत. टाउन हॉलमधील श्रोते सहानुभूतीने आलेले होते, त्यांनी पैसेही दिले असतील. त्यांनाही ही जागा चुकत नाही, कारण त्यांच्यापुढेही काहीतरी दाखवूनच निधी मागितला जात होता. साधारणीकरणाची प्रक्रिया येथे अर्ध्यावर थांबते. बोलणाऱ्याची व्यक्तिता विरते, ऐकणाऱ्याची मात्र उघडी पडते. सहृदयाला जी सुरक्षित जागा शास्त्राने देऊ केली होती, ती येथे मिळत नाही.

हे सारे राइशच्या मनात होते काय? त्याच्या स्वतःच्या विवेचनात भर आहे तो आवाजातील सुरावटीवर. बोलण्याची उंची-खोली न बदलता पुनरावृत्तीने त्याची मूळ भावशक्ती टिकते आणि तीव्र होते, असे तो सांगतो. कृतीचा अर्थ कर्त्याच्या हेतूत शोधू नये, हे समीक्षेचे जुने तत्त्व येथे हाताशी आहेच. पण ते वापरायचे तर त्याची किंमतही मोजली पाहिजे. जो अर्थ हेतूवाचून निष्पन्न झाला त्याचे नैतिक श्रेय कर्त्याला देता येत नाही. १९६७ साली ही कृती ध्वनिमुद्रिकेवर आली. १९८२ साली आन तेरेसा द केर्समेकर या बेल्जियन नृत्यरचनाकर्तीने ती आपल्या 'फाझ' या नृत्यकृतीत घेतली आणि युरोपच्या रंगमंचांवर ती फिरू लागली. हॅम मात्र सत्तरच्या दशकात जाऊन तुरुंगातून सुटला होता. आवाज माणसाच्या आधी बाहेर आला.

यानंतरच्या दोन दशकांत राइशच्या संगीतातून असा साक्षीचा आवाज जवळपास नाहीसा होतो. १९७० साली त्याने घानामध्ये ढोलवादनाचा अभ्यास केला; 'ड्रमिंग' (१९७१) आणि 'म्यूझिक फॉर एटीन म्यूझिशियन्स' (१९७६) या कृतींनी त्याची कीर्ती प्रस्थापित केली. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने त्यांपेक्षा महत्त्वाचे आहे ते त्याने हिब्रू धर्मग्रंथांच्या पठणपद्धतीचे न्यूयॉर्क व जेरुसलेम येथे केलेले अध्ययन. तेथे शब्द अचल असतो आणि स्वर त्याची सेवा करतो. 'कम आउट'मध्ये जे घडले त्याच्या अगदी उलट.

या उलट्या क्रमाचे फळ म्हणजे क्रोनोस चतुष्टयासाठी लिहिलेली 'डिफरंट ट्रेन्स' (१९८८). राइशचे आईवडील विभक्त झाले होते. वडील न्यूयॉर्कमध्ये, आई लॉस एंजेलिसमध्ये. १९३९ ते १९४२ या काळात तो आपल्या दाईबरोबर आगगाडीने या दोन शहरांमध्ये प्रवास करीत असे. ज्यू असल्यामुळे त्या वर्षांत आपण युरोपात असतो तर वेगळ्याच गाड्यांत बसावे लागले असते, या पुढे सुचलेल्या जाणिवेतून ही कृती उभी राहिली. दाई, आगगाडीतील एक निवृत्त कृष्णवर्णीय सेवक आणि नाझी छळातून वाचलेली माणसे यांच्या मुद्रित बोलण्यातील तुकडे घेऊन, त्या बोलण्याचीच सुरावट तंतुवाद्ये वाजवतात. स्त्रियांच्या आवाजाला व्हायोला, पुरुषांच्या आवाजाला चेलो. आवाज बदलला की लयही बदलते. वाद्य माणसाच्या मागे जाते, अशी ही नम्र रचना वाटते. रिचर्ड टारस्किन यांच्यासारख्या कठोर समीक्षकानेही १९९७ साली तिचा असाधारण गौरव केला.

तथापि ही नम्रता जितकी दिसते तितकी खरी नाही. पुष्कळदा वाद्य आवाजाच्या आधी येते आणि मग माणूस जणू त्या चालीला दुजोरा देतो. तुकडे कोठून तोडले हे श्रोत्याला कळण्याचा मार्गच नाही. ॲमी लिन व्लोडार्स्की यांनी २०१० साली मूळ साक्षींशी ताडून दाखवले की काही शब्द राइशने वेगळेच ऐकले आहेत आणि काही वाक्ये संदर्भ सुटल्याने भलताच अर्थ घेतात. 'कम आउट' आवाजाची मोडतोड करते, पण श्रोत्याच्या देखत. पूर्ण वाक्य आधी हाती देऊन मग त्याचे काय होते ते ऐकवते. 'डिफरंट ट्रेन्स' आवाज अभंग ठेवल्याचा भास निर्माण करते आणि कात्री आड ठेवते. प्रामाणिकपणाचा निकष लावला तर जुनी, निष्ठुर वाटणारी कृतीच उजवी ठरते, हे मत अनेकांना रुचणार नाही. परंतु ते टाळणे कठीण आहे. रेल्वेसेवकाचा आवाज तर केवळ गाड्यांची आठवण काढण्यापुरता वापरला गेला आहे. त्या गाड्यांत तो गोऱ्यांची सेवा करीत होता, याविषयी कृती मौन पाळते.

असे असूनही 'डिफरंट ट्रेन्स'चा शेवट या सर्व आक्षेपांना पुरून उरतो. युद्ध संपलेले आहे, गाड्या पुन्हा अमेरिकेत आल्या आहेत, आणि वाचलेल्यांपैकी एक स्त्री एका मुलीविषयी सांगते. तिचा गळा गोड होता. जर्मनांना तिचे गाणे आवडे. ती थांबली की ते आणखी गाण्याची मागणी करीत आणि टाळ्या वाजवीत. येथे संगीत निवते. सुमारे सत्तावीस मिनिटे पीडितांच्या शेजारी बसल्याचे समाधान बाळगणारा श्रोता या क्षणी हात वर उचललेल्या अवस्थेत सापडतो, कारण कृती संपली की टाळ्या वाजवणे हा सभागृहाचा रिवाज आहे. 'कम आउट'मधले 'ते' बावीस वर्षांनी परत आले आहेत. या वेळी ते रसिक आहेत. आणि येथे तरी निवड अजाणता झाली असे म्हणता येत नाही. कृती कोठे थांबवायची हे संगीतकारच ठरवतो.

'डब्ल्यूटीसी नाइन-इलेव्हन' (२०११) या कृतीत हे धारिष्ट नाही. हल्ल्याच्या वेळी राइश व्हर्माँटमध्ये होता. त्याचा मुलगा, सून आणि नात त्या जागेपासून जवळच्या घरात होते. विमानवाहतूक नियंत्रकांचे व अग्निशामकांचे आवाज, शेजाऱ्यांच्या आठवणी, मृतदेहांपाशी स्तोत्रे म्हणत बसलेल्या स्त्रिया, सारे तेथे आहे, आणि शब्दाचा अंत्य स्वर लांबवत नेण्याचे तंत्रही प्रभावी आहे. पण श्रोत्याला या कृतीत कोणतीच जागा दिलेली नाही. तो शोकात आधीच सामील धरला आहे. त्याला काही सिद्ध करून दाखवायचे नाही, त्याच्याकडून काही हिरावूनही घ्यायचे नाही. ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर विमान आणि धुमसणारा मनोरा दाखवणारे छायाचित्र घेतल्यावरून गदारोळ झाला आणि ते बदलावे लागले. टीका मुखपृष्ठावर झाली. संगीताविषयी असा वाद पेटला नाही.

हॅमच्या वाक्याचा प्रवास मात्र थांबलेला नाही. कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकार ग्लेन लायगन याने २०१४-१५ च्या सुमारास तेच शब्द कॅनव्हासवर एकावर एक छापून, वाचता येईनासे होईपर्यंत काळे करत नेले. २०१५ च्या व्हेनिस येथील द्वैवार्षिक प्रदर्शनात मध्यवर्ती इमारतीच्या दर्शनी भागावर त्याने निऑनच्या दिव्यांत तीन शब्द लावले: 'ब्लूज', 'ब्लड', 'ब्रूज'. बोलताना हॅमची जीभ किंचित अडखळली होती. 'ब्रूज', म्हणजे मुका मार, म्हणताना त्याच्या तोंडून 'ब्लूज' निघाले होते. राइशने तो शब्द फेऱ्यात घेतला नव्हता. तो कात्रीच्या अलीकडे, सुरुवातीच्या तीन आवर्तनांतच राहून गेला होता.