लाल शाई

दुसऱ्याची चूक आपल्याला दिसली तर ती त्याला सांगावी की गिळून टाकावी, हा प्रश्न थोरामोठ्यांनी नीतिशास्त्राच्या कुठल्या प्रकरणात घातला आहे, मला ठाऊक नाही. माझ्यापुढे तो अकोल्याला जठारपेठेतल्या एका ओट्यावर, कच्चा चिवडा खाताना उभा राहिला. आणि चूकही मराठीतली नव्हती, इंग्रजीतली होती.

ओटा वकीलसाहेबांचा. तिथं आम्ही चौघं रोज संध्याकाळी जमत असू. लोक त्या वेळी पत्ते कुटतात, राजकारण करतात, राजेश्वराच्या दर्शनाला जातात. आम्ही इंग्रजी शुद्ध करत असू. आमचं नव्हे, इतरांचं. नागपूरचा 'हितवाद' वाचून आपलं इंग्रजी सुधारायचं आणि ते सुधारलेलं इंग्रजी घेऊन गावावर तुटून पडायचं, असा क्रम होता. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, कचेरीतून आलेले कागद, काहीही चाले. 'रिव्हर्ट बॅक' दिसलं की वकीलसाहेब खुर्चीतून अर्धे उठत. "अरे, रिव्हर्टमध्येच बॅक आहे ना! अजून एक बॅक कायले पाहिजे?" 'कझिन ब्रदर' दिसला की मास्तर डोळे मिटून घेत, जणू घरातलंच कोणी गेलं. 'प्रीपोन' या शब्दावर आठ दिवस रण माजलं होतं. असा शब्दच नाही, हे मास्तरांचं म्हणणं. पुढं तो ऑक्सफर्डच्या कोशात निघाला, तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले, "ऑक्सफर्ड बिघडलं."

मास्तरांचं इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर उभं राहिलेलं आणि रेन-मार्टिनच्या व्याकरणानं गिलावा केलेलं. त्यातला रेनसाहेब हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेला माणूस. जगाला तो 'बो जेस्ट' या १९२४ सालच्या साहसी कादंबरीसाठी ठाऊक आहे. वाळवंट, किल्ला, बंदुका असला सगळा मामला. आपल्याकडं मात्र त्यानं पिढ्यान्‌पिढ्या पोरांना कर्मणी प्रयोगात पकडून ठेवलं. मास्तरांना कादंबरीचं सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. "रेन असं करणार नाही," म्हणाले.

गंमत अशी, की इंग्रजी भाषेला अधिकृत वालीच नाही. फ्रेंचांनी १६३५ साली अकादमी स्थापून भाषेवर पहारा बसवला. इंग्रजांनी असं काही केलं नाही. जॉन्सननं १७५५ साली कोश केला, फौलरनं १९२६ साली वापराचे नियम सांगणारं जाडजूड पुस्तक लिहिलं. पण दोघंही स्वयंभू पंच, कुणी नेमलेले नव्हते. मग आम्हीही बसलो. लंडनच्या क्लबाला जेवढा अधिकार, तेवढाच अकोल्याच्या ओट्याला.

चौथे आमचे कंपाउंडरसाहेब. सरकारी दवाखान्यात जन्मभर बाटल्यांना कागदी खुणा चिकटवून निवृत्त झालेले. ते बोलत कमी, ऐकत जास्त. त्यांचा मुलगा अमेरिकेत, नातू तिथंच जन्मलेला. नातवाला मराठी वाचता येत नाही म्हणून हा माणूस साठी उलटल्यावर इंग्रजीत पत्रं लिही. एकदा भीतभीत त्यांनी एक पत्र आमच्यापुढं ठेवलं. "एकडाव नजर घाला जी."

आम्ही नजर घातली नाही, झडप घातली. पहिल्याच ओळीत 'आय अ‍ॅम रिमेंबरिंग यू डेली' होतं. मास्तरांनी लाल पेन काढला. जाणणं, आवडणं, आठवणं या मनाच्या अवस्था आहेत, क्रिया नव्हेत. त्यांना 'आयएनजी' लागत नाही, हा नियम त्यांनी कंपाउंडरसाहेबांना दोनदा समजावून सांगितला. वकीलसाहेबांनी मजकूर आटोपशीर केला. मी शेवटी 'युवर्स अफेक्शनेटली' घातलं. निम्मं पान तांबडं झालं. कंपाउंडरसाहेबांनी घरी जाऊन ते स्वच्छ उतरून काढलं आणि टाकलं पोस्टात.

महिन्याभरानं नातवाचा फोन आला. त्यानं विचारलं, "आजोबा, ते पत्र कुणी लिहिलं होतं?"

कंपाउंडरसाहेबांनी ही गोष्ट ओट्यावर हसत हसत सांगितली. आम्हीही हसलो. मग कुणीतरी चिवड्याचा विषय काढला.

त्या रात्री मला पुण्यातलं एक लग्न आठवलं. पंगतीत यजमानीणबाईंनी विचारलं, "जेवताय ना नीट?" मी म्हणालो, "हो, जेवून राहिलो." त्या गोड हसून म्हणाल्या, "जेवून राहिलात? म्हणजे मुक्काम आहे वाटतं!" सगळी पंगत हसली. दुसऱ्या दिवशी मंडईत मी सांबार मागितला, तर भाजीवाल्यानं समोरच्या उडप्याच्या हॉटेलाकडं बोट दाखवलं. आता वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हा काही माझा अपराध नाही. बरं, आमची मराठी काल-परवाची म्हणावी तर मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, 'लीळाचरित्र', तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात सिद्ध झाला. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही निघालं आहे. त्याच रिद्धपूरच्या परंपरेतल्या नागदेवाचार्यांनी एका पंडित शिष्याला संस्कृतात लिहू नको म्हणून बजावलं. कारण काय, तर पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही. शुद्धतेपेक्षा म्हाताऱ्या मोठ्या! हे सगळं मला त्या यजमानीणबाईंना ऐकवायचं होतं. सुचलं मात्र परतीच्या गाडीत, बडनेरा आल्यावर.

पण खरी खुपणारी गोष्ट वेगळीच होती. कंपाउंडरसाहेबांचं 'आय अ‍ॅम रिमेंबरिंग' म्हणजे दुसरं काय? 'आठवण येऊन राहिली.' सकाळी आली आणि संपली, असं नाही. येऊन राहिली आहे, अजून थांबलेली नाही. रेन-मार्टिनमध्ये त्याला जागा नसेल, अकोल्यात आहे. आणि पुण्याच्या पंगतीत ज्या क्रियापदानं माझी मान खाली गेली, तेच क्रियापद मी एका म्हाताऱ्याच्या पत्रातून लाल शाईनं खोडू दिलं होतं.

पुढं माझी बदली अमरावतीला झाली. या गावाचं मला कौतुक वाटतं. १९२३ या एकाच वर्षी इथं विदर्भ साहित्य संघही निघाला आणि किंग एडवर्ड कॉलेजही. म्हणजे मराठी आणि इंग्रजी दोघी एकाच साली नांदायला आल्या. मी मात्र मनाशी ठरवलं होतं, की आता कुणाच्या इंग्रजीला हात लावायचा नाही. लाल पेन मी धोब्याच्या हिशेबाला लावला.

शेजारी एक मुलगा होता. वडील रुईच्या जिनात कामाला. एके दिवशी नोकरीचा अर्ज घेऊन आला. "काकाजी, पाहून द्या ना, बरोबर आहे का?" अर्जात लिहिलं होतं, की तो एका 'पुअर बट रिस्पेक्टफुल' घराण्यातला आहे. रिस्पेक्टेबल म्हणजे अब्रूदार, रिस्पेक्टफुल म्हणजे अदबशीर. मला दिसलं. माझ्यातला ओटा जागा झाला. पण कंपाउंडरसाहेबांचा नातू आठवला आणि मी म्हणालो, "छान आहे. तुझं आहे, तसंच जाऊ दे." मुलगा खूश. मीही खूश, आपण केवढे उदार झालो!

मुलाखतीत एका साहेबानं तो शब्द मोठ्यानं वाचला. "सगळं घराणंच अदबशीर का? मग वडिलांनाही आणायचं होतं, उठून नमस्कार केला असता." बाकीचे साहेब हसले. नोकरी त्या शब्दामुळं गेली असं मी म्हणणार नाही, तसे अर्ज पुष्कळ होते. मुलगा इर्विन चौकात भेटला. सगळं सांगून झाल्यावर त्यानं मला विचारलं, "काकाजी, तुम्हाले माहीत होतं ना?"

मी हो म्हणालो.

"मग काहून नाही सांगितलं?"

आता याला काय सांगणार? अकोल्याला सांगितलं म्हणून एकाचं पत्र मेलं, म्हणून तुला सांगितलं नाही? एकाच्या दुखण्याचं औषध दुसऱ्याला द्यायचं नसतं, हे तर आमच्या कंपाउंडरसाहेबांनाही ठाऊक होतं. पत्र ज्याला लिहिलं तो नातू आजोबांचा होता; अर्ज ज्यांना लिहिला ते साहेब कुणाचेच नव्हते. एवढा फरक मला समजायला हवा होता. मला वाटलं होतं, मी त्या पोराचा मान राखतोय. वास्तविक मी स्वतःला पुन्हा लाज वाटू नये, याचीच तजवीज केली होती. गप्प बसण्यातही लाल शाईइतकाच तोरा असतो, हे मला चौकात एस.टी.च्या धुरात उभं राहून कळलं.

त्यानंतर त्या मुलाचे सगळे अर्ज मी तपासले. पाच की सहा. तो शेजारी बसून प्रत्येक खुणेवर विचारी, "हे काहून?" आणि निम्म्या वेळा मलाच उत्तर येत नसे.

त्या दिवाळीत अकोल्याला गेलो. ओटा तसाच, चिवडाही तसाच. कंपाउंडरसाहेबांनी खिशातून घडी काढली. पुन्हा नातवाला पत्र. पण या वेळी त्यांनी अट घातली. "फक्त स्पेलिंग पाहा जी. बाकीले हात लावू नका."

आम्ही कबूल झालो. पत्रात सगळं होतं. आठवण येऊन राहिली होती, थंडी पडून राहिली होती, आजीचे गुडघे दुखून राहिले होते. मास्तरांनी दात-ओठ खाल्ले, पण पेन खिशातच ठेवला. मग ती ओळ आली : 'आय अ‍ॅम रायटिंग डेअरी डेली लाइक खापर्डेसाहेब.'

अमरावतीचे दादासाहेब खापर्डे रोजनिशी इंग्रजीत लिहीत. १९३८ साली ते गेले, तरी वकीलसाहेब अजून त्यांचं नाव उभं राहून घेतात. आताही उभे राहिले. पण रोजनिशीची झाली होती दुधाची डेअरी.

"ही स्पेलिंगची चूक," मास्तर आनंदानं म्हणाले. पेन निघाला.

"थांबा," वकीलसाहेब म्हणाले. "डेअरी या शब्दाचं स्पेलिंग बिनचूक आहे. चुकलाय तो अर्थ. म्हणजे हे 'बाकी'त आलं. आपल्याला तिथं अधिकारक्षेत्र नाही."

"अहो, अक्षरं इकडची तिकडं झाली आहेत!"

"झाली असतील. पण झालेला शब्द कोशात आहे."

मला मत विचारलं. मी अर्जाचा आणि पत्राचा दोन्हीकडून विचार करू लागलो, तोवर दिवे लागले, चिवडा संपला. कंपाउंडरसाहेब इतका वेळ एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं पाहत होते. शेवटी त्यांनी कागद आमच्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि पाकिटाला जीभ लावली.

"राहू द्या जी," ते म्हणाले. "घरी म्हैस आहेच."