भार टाकणं

"सिद्धरामेश्वरावर भार टाक आणि निवांत झोप," असं माझी आई कुठल्याही संकटात म्हणायची. सिद्धरामेश्वर म्हणजे आमचं ग्रामदैवत. सोलापुरातली आमची गिरणी बंद पडली, वडिलांचं काम गेलं, तेव्हाही ती हेच म्हणाली. मी शाळेत होते. मला त्या वाक्याचा राग यायचा. भार टाकणं म्हणजे हातपाय गाळणं, असंच मी कित्येक वर्षं समजत होते. त्याचा अर्थ मला छप्पन्नाव्या वर्षी कळू लागला, तोही कॅनडात, ओटावाच्या बर्फावर.

माझी लेक तिथं राहते. हिवाळ्यात तिथला रिडो कालवा गोठतो आणि त्यावर 7.8 किलोमीटर लांबीची स्केटिंगची वाट तयार होते. आजोबा आणि नातवंडं हात धरून घसरत जाताना पाहिली आणि मनानं घेतलं, हे शिकायचं.

सुरुवात बंदिस्त रिंकवर झाली. पहिला धडा पडण्याचा: कुशीवर पडायचं, मग गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल रोवायचं, उठायचं. आठ रविवार मी कठडा धरूनच फिरले. भीती वाटली की अंग आपोआप मागे रेलतं आणि पाती पुढे पळतात. "आई, मागे रेलू नकोस. गुडघ्यात वाक. भीती वाटली तर अजून वाक," लेक सांगायची.

वाकायला जमलं, तरी पुढे सरकता येईना. एका पायानं बाजूला रेटायचं आणि सगळा भार दुसऱ्या पायावर द्यायचा, एवढीच रीत. मी मात्र अर्धा भार इकडे, अर्धा तिकडे ठेवून जागच्या जागी थरथरत होते.

तेव्हा वडील आठवले. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं त्या उंच काठ्या उभ्या पेलत चालतात. तरुणपणी वडीलही पेलायचे आणि त्याआधी कित्येक दिवस सराव करायचे. ते म्हणत, "काठीला जोरानं धरून ठेवता येत नाही. ती जिकडं कलंल तिकडं आपण पाय न्यायचा." हे त्यांच्या अंगात एका दिवसात आलेलं नव्हतं. काठीच्या हवाली होण्यासाठीसुद्धा खांदे भरून येईपर्यंत सराव करावा लागला होता.

बाराव्या शतकात याच सिद्धरामेश्वरांनी, म्हणजे सिद्धरामांनी, सोलापुरात तलाव खोदवला, देवळं उभारली. परंपरा सांगते की हे काम चालू असताना संत अल्लमप्रभू तिथं आले आणि त्यांनी सिद्धरामांना अंतर्मुख केलं. त्या भेटीचा मला उमजलेला अर्थ असा: तलाव वाईट नव्हता, 'मी खोदला' ही पकड सोडायची होती. तलाव आजही गावाच्या मधोमध आहे. कष्ट राहिले, पकड गेली. म्हणजे प्रयत्न आणि शरणागती या दोन वेगळ्या वाटा नाहीत. प्रयत्नानं अंग तयार होतं, तेव्हाच ते स्वतःला सोडू शकतं.

आणि ही शरणागती आंधळीही नसते. कालव्यावरचा बर्फ साधारण 30 सेंटीमीटर जाड आणि चांगला घट्ट झाल्याशिवाय लोकांना त्यावर सोडत नाहीत. 2022-23 च्या हिवाळ्यात तो तसा झालाच नाही आणि वाट एक दिवसही उघडली नाही. ज्यावर भार टाकायचा ते आधी पारखायचं. पारख झाल्यावर मात्र अर्धा पाय मागे ठेवायचा नाही.

फेब्रुवारीत लेक मला कालव्यावर घेऊन गेली. तिथं धरायला कठडा नव्हता. मी गुडघ्यात वाकले, उजव्या पायानं रेटलं आणि डाव्या पायावर सगळीच्या सगळी गेले. दहा-बारा फूट असेन सरकले. कानाशी फक्त पात्याची बारीक खरखर होती.

त्या क्षणी मला आई दिसली. गिरणी बंद पडल्यावर ती विड्या वळायला लागली. पहाटे तलावातल्या देवळात जाऊन यायची, मांडीवर सूप घ्यायची आणि दिवेलागणीपर्यंत हजार विड्या पुऱ्या करायची. मग भार टाकून झोपायची. मी तिचं ते वाक्य आयुष्यभर लक्षात ठेवलं. मांडीवरचं सूप त्याच्याशी जोडून पाहायला मात्र मला इतकी वर्षं लागली.