भरत नाही की टिकत नाही

नवं ऑटोमॅटिक घड्याळ थांबलं की घरात दोन निकाल लागतात. पहिला घड्याळाविरुद्ध, दुसरा ते घालणाऱ्या माणसाविरुद्ध. पुरावा दोन्हींच्या नंतर गोळा होतो, किंवा होतच नाही.

सेलच्या घड्याळांनी आपल्याला एक सवय लावली: थांबलं म्हणजे संपलं. सेल बदला, नाहीतर नवं घ्या. ऑटोमॅटिकमध्ये सेल नसतो. एका डबीत गुंडाळलेली पोलादी पट्टी असते. ती उलगडते तोवर घड्याळ चालतं, उलगडून झाली की थांबतं. पूर्ण भरलेलं घड्याळ हातातून काढून ठेवलं तर साधारण चाळीस तासांनी ते बंद पडणारच. बऱ्याच यंत्रांची मजल तेवढीच असते.

थांबणं हा दोष नाही. वेळेआधी थांबणं हा दोष असू शकतो. आणि वेळेआधी म्हणायचं, तर आधी वेळ मोजलेली हवी.

थांबलेल्या ऑटोमॅटिकला विचारायचे प्रश्न दोनच. चावी भरत नाही, की भरलेली टिकत नाही? महिनाअखेरीला पैसे पुरत नाहीत म्हणणाऱ्या घरालाही हेच दोन प्रश्न विचारावे लागतात: येत नाहीत, की राहत नाहीत? उत्तर वेगळं, तसा उपाय वेगळा.

चावी भरण्याचं काम रोटर करतो. अर्धवर्तुळाकार वजन, मध्यावर मोकळं फिरणारं. मनगट कललं की ते खालच्या बाजूला जातं, आणि त्याचं फिरणं दातेरी चाकांमधून स्प्रिंगपर्यंत पोचतं. काही यंत्रांत रोटर एकाच दिशेला फिरताना चावी भरते. उलट्या दिशेला तो नुसताच गरगरतो, आणि ते मनगटाला जाणवतं. सीकोनं १९५९ मध्ये काढलेल्या मॅजिक लिव्हरमध्ये दोन नखं असतात, एक ढकलतं, दुसरं ओढतं. वजन कुठेही वळलं तरी चावी भरत राहते. स्प्रिंग पूर्ण भरली की तिचं बाहेरचं टोक डबीच्या भिंतीवरून घसरतं. म्हणून ऑटोमॅटिकला चावी जास्त होत नाही. कमी मात्र होते.

सेकंदाला सहा ठोके देणारं घड्याळ दिवसाला ५,१८,४०० ठोके देतं. त्यातला एकही फुकटचा नाही. प्रत्येकाच्या मागे कधी तरी हललेला हात असतो.

स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावच्या अब्राहम-लुई पेर्ले यानं १७७० च्या दशकात आपोआप चावी भरणारं खिशातलं घड्याळ तयार केलं, असं मानतात. जिनिव्हाच्या कलासंस्थेच्या १७७७ च्या अहवालात त्याचा हिशेब आहे: पंधरा मिनिटं चाललं की आठ दिवस चावी पुरते. तरीही असली घड्याळं घरोघरी पोचली नाहीत. खिशातलं घड्याळ माणसाबरोबर सगळीकडे जातं, पण जागच्या जागी फारसं हलत नाही. पहिल्या महायुद्धानंतर घड्याळ मनगटावर रुळलं, आणि मग जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीला १९२४ मध्ये ऑटोमॅटिक मनगटी घड्याळाचं स्विस पेटंट मिळालं. त्याच्या घड्याळातलं वजन पूर्ण गोल फिरत नसे, दोन्ही कडांच्या स्प्रिंगांवर आपटून माघारी येई, आणि भरलेली चावी बारा तासांच्या आसपास टिके. मनगटी घड्याळात पूर्ण वर्तुळात फिरणारा रोटर रोलेक्सनं १९३१ मध्ये आणला.

दीडशे वर्षं ही कल्पना अडून राहिली ती जागेपायी. तीच युक्ती खिशात उपाशी होती, मनगटावर पोट भरून राहिली.

मनगटही मनगटासारखं असेल असं नाही. दिवसभर संगणकावर टाइप करणाऱ्याची बोटं पळतात, मनगट टेबलावर टेकलेलं असतं. तो माणूस खूप काम करतो आणि त्याचं घड्याळ उपाशी राहतं. कष्ट आणि हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोटरला दुसरीच कळते.

आमच्या वडिलांना पंचाहत्तरीला ऑटोमॅटिक घड्याळ मिळालं. त्यांच्या पिढीला चावी नवी नाही. एचएमटीनं जपानच्या सिटिझनच्या मदतीनं १९६१ मध्ये बंगळुरूला घड्याळांचा कारखाना काढला, आणि पुढे कितीतरी घरांत पहिलं घड्याळ आलं ते एचएमटीचं. वडिलांकडे 'जनता' होतं. आंघोळ झाली की देवाला नमस्कार, मग घड्याळाला चावी, मग चहा. नव्या घड्याळाला हे लागत नाही, असं देणाऱ्यांनी कौतुकानं सांगितलं. वडिलांनी ते ऐकलं, आणि घड्याळ वरचेवर बंद पडू लागलं.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते वॉकर घेऊन चालतात. सकाळी गच्चीवर, संध्याकाळी सोसायटीच्या आवारात. पण वॉकर धरलेला हात झुलत नाही. दोन्ही मुठी दांड्यावर घट्ट, कोपरं अंगाशी, आणि पाऊल पुढे पडताना मनगट जवळजवळ सरळ रेषेत सरकतं. माणूस चालतो, घड्याळाच्या लेखी बसलेला असतो.

घरात दुसरा निकाल लागला. बाबा बसूनच असतात, म्हणून बंद पडतं. कुणी वाईट हेतूनं म्हणालं नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या कानावर वाक्य हेतूसकट जात नाही, नुसतं वाक्य जातं. दुसऱ्या दिवशी ते गच्चीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ होते. घड्याळ चालावं म्हणून.

मला हे सहन होण्यासारखं वाटलं नाही. ज्याचं शरीर त्याला रोज हिशेब मागतं, त्याला आणखी एका यंत्रापुढे हजेरी लावायला सांगू नये. निदान यंत्राची परीक्षा झाल्याशिवाय नाही.

परीक्षा सोपी आहे. मनगट वगळायचं. घड्याळ हाताने पूर्ण भरायचं, चावीचे तीस-चाळीस फेरे, तबकडी वर करून टेबलावर ठेवायचं आणि हात लावायचा नाही. छापील मर्यादेच्या आसपास चाललं, तर स्प्रिंग, चाकं, ठोके देणारं झुलतं चाक म्हणजे बॅलन्स, सगळं जागच्या जागी आहे. कमतरता भरण्यात आहे, रोटरच्या जोडणीत किंवा घालणाऱ्याच्या दिवसात. अर्ध्यातच थांबलं, तर मनगटाला बोल लावायचं कारण उरलं नाही. (सगळ्या ऑटोमॅटिकना हाताने चावी घेता येत नाही. सीको फाइव्हच्या अनेक घड्याळांत असलेलं, १९९६ मध्ये आलेलं ७एस२६ हे यंत्र चावीचं बटण कितीही फिरवलं तरी भरत नाही. ते आडवं धरून हळूहळू डोलवावं लागतं.)

दुकानातल्या काचेमागून आलेलं घड्याळ रिकाम्या स्प्रिंगचं असतं. ते तसंच मनगटावर चढवलं तर रोटर दिवसभर जेमतेम खर्चापुरतं मिळवतो, शिल्लक पडत नाही. पहिल्या दिवशी घड्याळ भरूनच घालावं. नव्या ऑटोमॅटिकच्या कितीतरी तक्रारी एवढ्यानं मिटतात.

कुठे थांबलं, हेही बघावं. काटे साक्ष देतात. दर वेळी एकाच खुणेवर, तास आणि मिनिटकाटा एकमेकांवरून जाताना थांबत असेल, तर काटे घासत असण्याचा संशय घ्यावा. मध्यरात्रीच्या आसपास थांबत असेल, तर तारखेकडे बघावं. तारीख बदलणारं चाक रात्री नऊनंतर हळूहळू गुंतायला लागतं, आणि त्याचं ओझं त्याच स्प्रिंगवर येतं. स्प्रिंग भरलेली असेल तर ते कळतही नाही. उतरत आली असेल तर घड्याळ तिथेच अडतं. उजेडात सगळं धकतं. अशक्तपणा बारा वाजता उघडा पडतो. तबकडी खाली केली की थांबतं आणि वर केली की चालतं, असं असेल, तर दोष आतल्या आधारांत किंवा तेलात शोधावा. आणि चुंबकाचं नाव लोक फार लवकर घेतात. चुंबकानं बॅलन्सच्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ सहसा पुढे पळतं. थांबण्याचं खापर आधी त्याच्यावर फोडू नये.

वडिलांचं घड्याळ रात्री नऊला पूर्ण भरून कपाटावर ठेवलं. छापील मर्यादा चाळीस तासांची. दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाच्या आधी ते बंद होतं. कुणाचंही मनगट मध्ये नव्हतं.

मग घड्याळजींकडे गेलो. जिन्याखालचं दुकान, एक खुर्ची, तिच्यावर वडील बसले. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं, मागचं झाकण बघितलं आणि भिंग काढलं. "काका, उघडत नाही मी. वॉरंटी आहे ना? झाकणाला माझा ओरखडा दिसला तर कंपनीवाले हात वर करतील." धंदा सोडून खरं सांगणारा कारागीर अजून भेटतो. मग त्यांनी चावी पूर्ण भरली आणि न उघडताच घड्याळ टायमिंग मशीनच्या चिमट्यात आडवं ठेवलं. ते मशीन ठोके ऐकतं आणि त्यावरून बॅलन्सचा झोका किती अंशांचा आहे ते काढतं. पडद्यावर ठिपक्यांची रेघ सरकत होती, कोपऱ्यात आकडा होता. पूर्ण भरलेल्या घड्याळाचा झोका तबकडी वर असताना २७० अंशांच्या आसपास किंवा पुढे हवा. हा दोनशेच्या अलीकडेच डगमगत होता.

"भरलंय, पण जोर पोचत नाहीये. डबीतच स्प्रिंग लवकर घसरत असेल, नाहीतर तेल नीट पडलं नसेल. नवं असलं म्हणून काय झालं, माणसानेच जोडलंय."

वडील पुढे वाकून आकडा बघत होते. म्हणाले, "म्हणजे मी बसून असतो म्हणून नाही."

"नाही हो काका. तुम्ही पळालात तरी हे थांबलं असतं."

त्या दुकानातून निघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, त्याला मी आनंद म्हणणार नाही. सुटका होती. वय झालेल्या माणसाला घरात बऱ्याच गोष्टींचं कारण ठरवलं जातं: औषध संपलं, नळ चालू राहिला, दार उघडं राहिलं. त्यातली काही कारणं खरीही असतात. म्हणूनच खोटी वेगळी काढावी लागतात. शंभरातला एक आरोप तपासून मागे घेतला, तर उरलेले नव्व्याण्णव ऐकण्याची ताकद येते.

उलटही निघू शकलं असतं. घड्याळ चाळीस तास चाललं असतं, आणि मग खरोखर मनगट कमी हलत असल्याचं ठरलं असतं. तेव्हाही त्यांना जास्त चाला असं सांगायची गरज नव्हती. सकाळी चावीचे वीस-पंचवीस फेरे पुरले असते. भरण्याची वाट एकच नसते. हात झुलत नसेल तर बोटं आहेत. 'जनता'ला रोज चावी देणाऱ्या बोटांना ते शिकवावं लागत नाही. चालणं किंवा हात हलवणं कमी झालेल्या माणसाला ऑटोमॅटिक देणाऱ्यांनी दुकानात किंमत विचारायच्या आधी एवढंच विचारावं: याला हाताने चावी घेता येते का?

घड्याळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दिलं. काउंटरवरच्या मुलीनं पावतीवर तक्रारीच्या रकान्यात 'वारंवार बंद पडते' असं लिहिलं. वडिलांनी तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि खाली आपल्या अक्षरात भर घातली: पूर्ण चावी, तबकडी वर, रात्री ९ वाजता ठेवले, हात लावला नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी ४ च्या आत बंद. तारीख घातली, सही केली, आणि तिला म्हणाले, "बेटा, दुरुस्त झालं की हीच परीक्षा तुमच्याकडे करून मगच फोन करा."