राजीनामा आणि कबुलायत

'राजीनामा' या शब्दात 'राजी' आहे, हे आपण विसरून गेलो आहोत. फारसीतून आलेला हा शब्द मुळात संमतीच्या कागदाचा. जुन्या मुंबई इलाख्याच्या महसुली दप्तरात जमीन एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तो जोडीने येई. जुना कब्जेदार राजीनामा लिहून देई आणि नवा कब्जेदार कबुलायत लिहून देई, की ही जमीन मी घेतो आणि तिचा सारा मी भरीन. एक कागद सोडल्याचा, दुसरा पत्करल्याचा. आज कंपनीच्या एचआर खात्याकडे ई-मेलने जाणाऱ्या राजीनाम्याला असा जोडीदार उरलेला नाही. तरीही नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढणाऱ्याकडे आपण हल्ली जवळजवळ संन्याशाकडे पाहावे तसे पाहतो. भरल्या पगारावर लाथ मारली, गाडी परत केली, मेडिक्लेम गेला, 'केवढी हिंमत!' मग त्या हिंमतीला गीतेतले शब्द चिकटवले जातात. स्वधर्म सापडला, निष्काम कर्म सुरू झाले, असे व्याख्यानांतून ऐकू येते. शब्द इतके मोठे वापरायचे तर प्रश्नही नीट विचारला पाहिजे: नोकरी सोडणे हा त्याग आहे का? मला वाटते, राजीनाम्याच्या एकट्या कागदावरून ते ठरतच नाही. तो त्याग होता, पलायन होते की नुसती अदलाबदल होती, हे त्याच्या जोडीची कबुलायत ठरवते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाट्याला आलेले काम मोहापायी सोडणे हा तामस त्याग. काम दुःखाचे आहे, शरीराला कष्ट होतात, म्हणून सोडणे हा राजस त्याग. आणि अशा सोडण्याने त्यागाचे फळ मिळत नाही, असे तिथे बजावले आहे. तिसऱ्या, सात्त्विक प्रकारात काम सुटतच नाही. सुटते ती आसक्ती आणि फळावरचा दावा. या कसोटीला आजचे बहुतेक राजीनामे लावून पाहावेत. साहेबाचा जाच, अप्रेझलमध्ये डावलले जाणे, रोजचे तीन तास ट्रॅफिकमध्ये, रविवारी संध्याकाळपासून पोटात येणारा गोळा ही कारणे खोटी नाहीत आणि त्यांच्यासाठी नोकरी सोडणे पापही नाही. पण गीतेच्या भाषेत ते राजस आहे, एवढे मान्य करून पुढे जावे. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेल्या प्रवचनांत अर्जुनाबद्दल एक मार्मिक दाखला आहे. शेकडो अपराध्यांना फाशी सुनावणाऱ्या न्यायाधीशापुढे खुनी म्हणून त्याचाच मुलगा उभा राहतो, आणि त्याला एकाएकी फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. अर्जुनाचे वैराग्य त्याच जातीचे होते, असे विनोबांचे म्हणणे. वर्षानुवर्षे हाताखालच्यांना 'अपेक्षेपेक्षा कमी' असा शेरा न कचरता देणाऱ्या मॅनेजरला तोच शेरा स्वतःच्या कागदावर आल्यावर कॉर्पोरेट जग निर्दय असल्याचा साक्षात्कार होतो, तेव्हा हा न्यायाधीश आठवल्याशिवाय राहत नाही.

खरा त्याग कसा दिसतो, हे पाहायला मराठी माणसाला फार लांब जावे लागत नाही. तुकोबांचे घर देहूतले सावकारी करणारे, वाण्याचे दुकान असलेले. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळाने ते घर मोडले. परंपरा सांगते की तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली. ही गोष्ट आपण 'तुकोबांनी धंदा सोडला' अशी ऐकतो आणि दोन बारकावे निसटू देतो. बुडाले ते लोकांकडून त्यांना येणे होते. लोकांना त्यांचे देणे असल्याचे कागद नव्हेत. आणि त्याच परंपरेनुसार आधी खतांची वाटणी झाली. धाकट्या भावाच्या वाट्याची खते त्याच्या हाती दिली गेली आणि तुकोबांनी बुडवला तो फक्त स्वतःचा वाटा. दुसऱ्याच्या वाट्याची जोखीम घेण्याचा हक्क आपल्याला नाही, हे भान विरक्तीच्या भरातही त्यांचे सुटले नाही. आजचा राजीनामा बहुधा याच्या नेमका उलट असतो. जबाबदाऱ्यांतून मोकळीक हवी असते आणि येणे मात्र वाढवायचे असते. शिवाय बुडवायला काढलेल्या गाठोड्यात बायकोची किंवा नवऱ्याची बचत, वडिलांचा भविष्य निर्वाह निधी, घराचे गहाणखत असे इतरांचे वाटे न विचारता बांधलेले असतात.

मग माणसे धंद्यात का पडतात? पैशासाठी, हे उत्तर तपासले गेले आहे. बार्टन हॅमिल्टन या अर्थशास्त्रज्ञाने 2000 साली अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवले की दहा वर्षे स्वतःचा धंदा केलेल्यांच्या रांगेत बरोबर मधोमध येणाऱ्या माणसाची कमाई, तो नोकरीत राहिला असता तर जेवढी झाली असती त्याहून सुमारे 35 टक्के कमी होती. तरी माणसे धंद्यात जातात आणि टिकून राहतात, कारण त्यांना आपल्या मर्जीचे मालक व्हायचे असते. म्हणजे ते पैसे मोजून स्वातंत्र्य विकत घेतात. त्यात वाईट काही नाही, पण खरेदीला त्याग म्हणू नये. आणि विकत घेतलेला माल तरी खरा आहे का? मनुस्मृतीने सेवावृत्तीला कुत्र्याचे जिणे म्हटले, आपल्या म्हणीने शेती उत्तम, व्यापार मध्यम आणि नोकरी कनिष्ठ ठरवली. त्या जुन्या तुच्छतेपुढे एकाच धन्याच्या दारातली चाकरी होती. धंदा काढल्यावर धनी संपत नाहीत, वाढतात. बिल अडवून धरणारे मोठे गिऱ्हाईक, वैयक्तिक हमी मागणारी बँक, जीएसटीच्या तारखा, गाळ्याचा मालक. कंपनी मर्यादित जबाबदारीची असली तरी एकदा हमीपत्रावर सही केली की ती मर्यादा हमीदारापुरती उरत नाही. दिलेला धनादेश वटला नाही तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोकरीत चूक झाली तर फार तर नोकरी जाते. बांधून घेतल्याशिवाय धंदा होत नाही. प्रश्न उरतो तो कोणाशी बांधून घ्यायचे, एवढाच.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. वाट्याला आलेले काम, नियत कर्म, स्वधर्म या शब्दांनी या देशात कोट्यवधी माणसांना जन्माच्या खुंटीला बांधून ठेवले. त्याच शब्दांनी आता नोकरदाराला खुर्चीत बसवून ठेवायचे का? गीतेचा तोच अठरावा अध्याय पुढे चार वर्णांची कर्मे वाटून देतो, हे झाकण्यात अर्थ नाही. जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, असे डॉ. आंबेडकरांनी 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले, त्याला गीतेच्या बाजूने धड उत्तर दिले गेले आहे असे मला वाटत नाही. आंबेडकरांचे स्वतःचे उदाहरण तर आपल्या विषयाच्या मधोमध उभे आहे. 1917 साली बडोदे संस्थानची नोकरी त्यांना अस्पृश्यतेच्या अपमानामुळे सोडावी लागली. मुंबईत त्यांनी शेअरबाजाराचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. 1918 साली ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. 'हिंमत असेल तर बाजार सगळ्यांना सारखा' असे सांगणाऱ्या प्रत्येक प्रेरणादायी व्याख्यानाला हे एक प्रकरण पुरेसे उत्तर आहे. म्हणून गीतेकडून मी त्यागाची वर्गवारी घेतो, कामाची वाटणी घेत नाही. स्वधर्म जन्माने ठरत नाही, हे मान्य. पण हल्ली सांगतात तसा तो आवडीनेही ठरत नाही. केक करायला आवडतात म्हणून बेकरी हा स्वधर्म होत नाही. पहाटे चार वाजता भट्टी पेटवणाऱ्या कामगाराचा पगार सात तारखेला द्यायचा आहे, या बंधनापासून त्याची सुरुवात होऊ शकते.

दुसरा आक्षेप शूरांचा: असे हिशेब करत बसणारा कधी उडी मारणार? परतीचे दोर कापल्याशिवाय गड सर होत नाही. सिंहगडाचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता आठवावा. सूर्याजीने दोर कापले ते तानाजी पडल्यावर, मावळे पळू लागल्यावर, आणि तो स्वतः गडावर असताना. पायथ्याशी उभे राहून दुसऱ्याचे दोर कापण्याचा सल्ला देणारा सूर्याजी इतिहासात नाही, तो सेमिनारमध्ये भेटतो. अनुभवही शूरांच्या बाजूने नाही. जोसेफ रॅफी आणि जिए फेंग यांनी 2014 साली अमेरिकेतल्या अभ्यासात दाखवले की नोकरी सांभाळून धंदा सुरू करणारे आणि नंतर त्यात पूर्णवेळ उतरणारे, थेट नोकरी सोडून धंद्यात पडणाऱ्यांपेक्षा अधिक टिकतात. धंदा बंद पडण्याची त्यांची शक्यता सुमारे 33 टक्के कमी होती. ज्या इन्फोसिसची कथा आपण धाडसाची म्हणून सांगतो, ती 1981 साली पुण्यात सुरू झाली तेव्हा नारायण मूर्ती एकदा सॉफ्ट्रॉनिक्स नावाचा धंदा काढून, तो बंद करून, पुन्हा नोकरी करून आलेले होते. आणि सुरुवातीचे दहा हजार रुपये त्यांच्या पत्नी सुधा मूर्तींच्या साठवणीतले होते. कनिष्ठ ठरवलेल्या नोकरीनेच त्या उद्योगाचे पहिले भांडवल पुरवले, असेही म्हणता येईल.

तिसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. फळावरचा दावा सोडायचा तर धंदा करायचा कशाला, नफा हेच तर धंद्याचे फळ? टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'चा सारा रोख याच गैरसमजावर आहे. निष्काम म्हणजे निर्हेतुक नव्हे. काम योजून, साधने जुळवून, नेटाने तडीला न्यायचे. फक्त फळ माझेच, माझ्याच पदरात पडले पाहिजे, ही आस सोडायची. धंद्यात याचे फार रोकडे रूप आहे, आणि ते ताळेबंदात दिसते. महिनाअखेर गल्ल्यात पैसे कमी पडले तर आधी कोणाचे थांबतात? कामगारांचे, माल पुरवणाऱ्याचे, की मालकाचे? लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत चुकवावेत असे 2006 चा कायदा सांगतो, तरी मोठ्या कंपन्यांकडून येणे थकल्याची ओरड कायम आहे. काल त्याच कंपनीत बसून पुरवठादाराचे बिल अडवणारा आज पुरवठादार झाला, की त्याला न्याय कळतो. त्याच्या स्वतःच्या छोट्या पुरवठादाराच्या बाबतीतही तो कळत असेल, तर तिथे निष्काम कर्माची सुरुवात झाली म्हणायची. नफा हवाच, नाहीतर पुढच्या महिन्याचा पगार कुठून द्यायचा? पण फळावर दावा सांगणाऱ्यांच्या रांगेत मालक शेवटचा.

माझ्याच मांडणीला अडचणीचे ठरावे असे एक उदाहरण मात्र टाळता येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीत त्यांना डावलून युरोपीय वंशाचा माणूस घेतला गेला, आणि त्यांनी नोकरी सोडली. कारण अपमानाचे, म्हणजे गीतेच्या मापाने राजसच. पण बेळगावात भावाबरोबरचे सायकलींचे दुकान नोकरी सोडण्याआधीच चालू होते. पुढे लोखंडी नांगर आले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली असे सांगतात. 1910 साली औंध संस्थानाच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही. राजीनाम्यामागे राग होता हे खरे. पण कबुलायत त्यांनी त्या माळावर लिहिली, शेतकऱ्यांना आणि कामगारांना. म्हणून राजीनामा देतानाचे मन शुद्ध असलेच पाहिजे, हा हट्ट मी धरत नाही. रागाने दिलेला राजीनामाही पुढच्या कामाने शुद्ध होऊ शकतो, आणि उदात्त ई-मेल लिहून दिलेला राजीनामा दोन वर्षांत थकलेल्या पगारांवर येऊन संपू शकतो.

एक अपवाद करायलाच हवा. नोकरीच अधर्माची असेल, म्हाताऱ्या माणसांना न झेपणाऱ्या पॉलिसी गळ्यात मारण्याची किंवा खोटे आकडे रंगवण्याची, तर ती आजच सोडावी. कबुलायतीची वाट पाहू नये. बुद्धाने शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष असे पाच व्यापार उपासकांना वर्ज्य सांगितले. पण त्याने व्यापार वर्ज्य सांगितले, चाकरी नव्हे. वाईट नोकरीवर उपाय म्हणून चांगली नोकरीही चालते, हे आपल्या उद्योजकतेच्या उत्साहात कोणी बोलत नाही.

बहुतेक कंपन्यांत राजीनाम्यानंतर एक ते तीन महिन्यांची नोटीस असते. निरोपाच्या केकवर आणि लिंक्डइनच्या मजकुरावर ती मुदत सगळी घालवू नका. एका संध्याकाळी घरातल्यांना बसवून दुसरा कागद लिहा. कोणाचे किती पैसे यात जाणार, कोणाला कोणत्या तारखेला काय देणे लागणार, गल्ला रिकामा झाला तर कोणाचे आधी थांबणार, आणि किती महिन्यांनी हे बंद करून परत नोकरी शोधायची. खाली ज्यांचे पैसे जाणार आहेत त्या सगळ्यांच्या सह्या घ्या. कोणी सही करायला राजी नसेल, तर त्याच्या वाट्याला हात लावू नका.